जबडा पुढे सरकवला की घसा का उघडतो?

नाकापासून फुप्फुसांपर्यंत हवेची जी वाट आहे, तिच्यात एका टप्प्याला स्वतःचा आधारच नाही. नाकाला हाडाचा आणि कूर्चेचा सांगाडा आहे, श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्या आहेत. मधला घसा मात्र जवळजवळ नुसता स्नायूंचा. तो असा लवचीक आहे म्हणून तर आपल्याला गिळता येतं, बोलता येतं. जागेपणी हे स्नायू घसा ताणून उघडा ठेवतात. झोपेत ते सैलावतात आणि काहींचा घसा चक्क मिटतो. छाती हवा ओढत राहते, पण आत काही जात नाही. रक्तातला ऑक्सिजन उतरतो, मेंदू दचकून जागा होतो आणि मोठ्या घोरण्यासरशी श्वास सुटतो. हाच अवरोधी स्लीप अ‍ॅप्निया. श्वास असा अडण्याचे किंवा फार उथळ होण्याचे प्रसंग तासाला 30 हून अधिक असतील, तर आजार तीव्र मानतात.

यात जबड्याचा काय संबंध? जिभेचा सर्वांत मोठा स्नायू खालच्या जबड्याला, हनुवटीच्या आतल्या बाजूला चिकटलेला असतो. मऊ टाळू वरच्या जबड्याच्या मागच्या कडेपासून लोंबतो. म्हणजे जबडे मुळातच मागे असले, तर जीभ आणि टाळूही घशाच्या मागच्या भिंतीकडे सरकलेले असतात. लठ्ठपणा हे या आजाराचं मोठं कारण आहे हे खरं. पण त्यामुळे सडपातळ, लहान हनुवटीच्या माणसाकडे दुर्लक्ष होतं, याचं मला वाईट वाटतं.

म्हणूनच या आजारावर जबडे पुढे सरकवण्याची शस्त्रक्रिया करतात. तिच्यात दोन्ही जबड्यांची हाडं कापून साधारण 10 मिलिमीटर पुढे आणतात आणि टायटॅनियमच्या पट्ट्या व स्क्रूंनी बसवतात. घशाला हातही लावत नाहीत. हाडांना बांधलेली जीभ आणि टाळू आपोआप पुढे येतात, घशाच्या बाजूच्या भिंतीही ताणल्या जातात आणि मग त्या सहज कोसळत नाहीत. टाळूचा भाग कापून जागा करण्यापेक्षा हा विचार मला अधिक मुळाशी जाणारा वाटतो.

आकडेही तसेच बोलतात. 2016 साली 45 अभ्यासांतल्या 518 रुग्णांची माहिती एकत्र तपासली गेली. ताशी सरासरी 57 वेळा अडणारा श्वास शस्त्रक्रियेनंतर 9.5 वर आला होता. सुमारे 85 टक्के रुग्णांत ती यशस्वी ठरली, म्हणजे हे प्रसंग निम्म्याहून कमी आणि ताशी 20 च्या आत आले. ताशी 5 च्याही खाली मात्र सुमारे 38 टक्केच गेले. ‘यश’ आणि ‘पूर्ण बरं होणं’ यांतला हा फरक रुग्णाला आधीच स्पष्ट सांगायला हवा.

पहिला उपाय अजूनही सीपॅपच, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं यंत्र. कॉलिन सलिव्हन आणि सहकाऱ्यांनी 1981 साली ते मांडलं आणि त्याला कापाकापी लागत नाही. पण ज्यांना मास्क सहनच होत नाही आणि यंत्र कपाटात पडून राहतं, त्यांना हा दुसरा मार्ग असल्याचं कळायला हवं.

ही शस्त्रक्रिया मोठी आहे. पूर्ण भूल लागते, कित्येक आठवडे पातळ आणि मऊ अन्नावर काढावे लागतात, चेहरा थोडा बदलतो. खालच्या ओठाची आणि हनुवटीची संवेदना वाहणारी नस जबड्याच्या हाडातूनच जाते, त्यामुळे तिथे बधिरपणा येतो. बहुतेकांचा तो हळूहळू ओसरतो, काहींचा थोडाफार कायम राहतो. आणि घोरणं थांबलं तरी काही महिन्यांनी झोपेची चाचणी पुन्हा करावीच लागते, कारण श्वास अजून अडतोय का हे घरच्यांच्या कानांना नेमकं कळत नाही.