पार्श्वभूमी : पॅनल लाइन काळी कशी झाली

कुठल्याही प्रदर्शनातलं १/४८ चं, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळीसाव्या भागाएवढं, विमानाचं मॉडेल जवळून पाहा. पंखावरची प्रत्येक पॅनल लाइन, म्हणजे दोन पत्र्यांच्या सांध्याची रेषा, गडद, प्रत्येक पत्र्याचा मध्य फिकट. ही पद्धत इतकी अंगवळणी पडली आहे की एकसारख्या रंगाचं विमान हल्ली अर्धवट सोडल्यासारखं वाटतं. पण तिचं वय जेमतेम तीस-पस्तीस वर्षं आहे, आणि तिच्यातलं बरंच काही रणगाड्यांच्या मॉडेलांकडून उसनं आलेलं आहे. मॉडेल खऱ्या विमानासारखं अचूक रंगवावं की कलात्मक परिणामासाठी सावल्या गडद कराव्यात, हा त्यामागचा वाद.

आरंभी रंगाचा वाद नव्हताच. १९४२ मध्ये अमेरिकी नौदलाने शाळकरी मुलांकडून पाच लाख लाकडी मॉडेलं करून मागवली. प्रमाण १/७२, म्हणजे सहा फुटांना एक इंच. आकारावरून विमान ओळखायचं असल्यामुळे सगळी काळी रंगवायची. युद्धानंतर प्लॅस्टिकची किटं आली. त्यांच्यावर पॅनल लाइन आणि रिव्हेट उठावाचे असत, रंग ब्रशने लागत, आणि ‘अचूक’ म्हणजे रंगाची छटा बरोबर असणं. १९५६ मध्ये अमेरिकेत एफएस ५९५ ही सरकारी रंगमालिका निघाली. पुढे मॉडेलवाल्यांनाही तिचेच क्रमांक प्रमाण झाले. सत्तरच्या दशकात बी-१७ सारख्या मोठ्या १/४८ किटांच्या डब्यात डायोरामाची (मॉडेल मांडून उभ्या केलेल्या देखाव्याची) पत्रकं येऊ लागली. कोसळलेलं, काजळलेलं, तेलकट विमान कसं रंगवायचं हे त्यांत पायरी-पायरीने दाखवलेलं असे. वापरातलं विमान मळतं, हे तिथून सर्वांच्या मनात ठसलं.

खरा फरक केला तो खाचेने. ऐंशी-नव्वदच्या दशकांत जपानी किटांमुळे कोरलेली पॅनल लाइन सर्वत्र रूढ झाली. खाच मिळाली तसा तिच्यात भरायला वॉश आला, म्हणजे टर्पेंटाइनसारख्या द्रावणात अगदी पातळ केलेला गडद ऑइल रंग. इथे एक साधा हिशेब करून पाहावा. ०.२ मिलिमीटरची खाच १/४८ मध्ये खऱ्या विमानावरच्या ९.६ मिलिमीटरच्या फटीएवढी होते, १/७२ मध्ये १४.४ मिलिमीटरची. प्रत्यक्षात रिव्हेटने बसवलेल्या दोन पत्र्यांमधली फट सहसा एखाद-दोन मिलिमीटरच्याही आतली असते. म्हणजे अतिशयोक्ती आधी साच्यात झाली आणि आपण तिला काजळ घातलं.

नव्वदच्या दशकात प्री-शेडिंग रुळलं. आधी रेषांवरून एअरब्रशने (हवेच्या दाबाने रंग फवारणाऱ्या पेनाने) काळा पट्टा मारायचा, मग वरचा रंग इतका पातळ मारायचा की खालचा काळा जाणवत राहील. पुढे ओघळ आणि छायाप्रकाश ठळक करणारी, ‘स्पॅनिश शैली’ या नावाने ओळखली जाणारी रीत आली. तिचा उगम रणगाड्यांच्या मॉडेलांत. रणगाडा चिखलातून जातो, त्याच्या उभ्या बाजूंवरून पाणी ओघळतं, त्यामुळे तिथे ओघळ आणि छायाप्रकाश शोभतात. विमानाचं तेल मात्र हवेच्या झोतासोबत मागे पसरतं. २०१०च्या दशकात संपूर्ण काळ्या थरावर फिकट ठिपके-रेघा मारत रंग चढवायची रीत आली. हात बसला की ती फार देखणी दिसते, हे कबूल करायलाच हवं.

या सगळ्याला शास्त्राचा आधार म्हणून एक शब्द नेहमी पुढे केला जातो, ‘स्केल इफेक्ट’. त्याचा गुंता सोडवल्याशिवाय हा वाद कळत नाही. मूळ मांडणी अशी : दूरचा डोंगर जसा निळसर-फिकट दिसतो, तसं लहान मॉडेल म्हणजे दूरवर उभं असलेलं विमान, म्हणून त्याचा रंग फिकट करावा. त्यासाठी टक्केवारीचं एक कोष्टकही वर्षानुवर्षं फिरत आलं आहे : १/३२ ला ७ टक्के, १/४८ ला १० टक्के, १/७२ ला १५ टक्के पांढरा. आता मोजून पाहा. १/७२ चं मॉडेल आपण हातभरावरून, समजा ३० सेंटिमीटरवरून बघतो. म्हणजे खरं विमान २१.६ मीटरवर. स्वच्छ हवेत इतक्या अंतरावरून रंगात डोळ्याला जाणवेल असा फरक पडत नाही. डोंगर निळा दिसायला मधे काही किलोमीटर हवा लागते.

तरीही डब्यातला ‘अचूक’ गडद हिरवा मॉडेलवर काळपट दिसतो, हा अनुभव खोटा नाही. माझ्या मते त्याचं कारण अंतर नसून उजेड आहे. भर दुपारच्या उन्हात लाखभर लक्स प्रकाश असतो, घरातल्या टेबलावर काही शे. विमानाच्या मोठ्या पत्र्यावर ऊन आणि आकाश दोन्ही चमकतात, मॉडेलच्या मॅट वार्निशवर तसं काही चमकत नाही. फिकट करण्याची गरज खरी, पण तिचा हवेशी संबंध नाही आणि सरसकट टक्केवारीशी तर मुळीच नाही. लाल रंगात १५ टक्के पांढरा घातला तर तो दूरचा लाल दिसत नाही, गुलाबी दिसतो.

कलात्मक बाजूचं सगळ्यात सबळ म्हणणंही इथेच आहे. रंगमंचावरचा नट प्रखर दिव्यांत सपाट दिसू नये म्हणून भुवया आणि गालांच्या कडा रंगवून घेतो. मॉडेलवरही सूर्य नाही, तर सावली रंगाने का आणू नये? हे मला पटतं. अडचण अशी की मेकअप त्या त्या पात्राचा असतो, आणि आपण सगळ्या विमानांना एकच चेहरा देतो. नाकाजिमा या जपानी कंपनीच्या लष्करी लढाऊ विमानांवर उघड्या अ‍ॅल्युमिनियमवर प्रायमरविना (रंगाखालच्या अस्तराविना) लावलेला हिरवा रंग सोलून निघायचा, त्यामुळे तिथे भरपूर चिपिंग, म्हणजे रंगाचे टवके उडालेले दाखवणं, रास्त आहे. तेच चिपिंग प्रायमर असलेल्या विमानावर जसंच्या तसं आलं की ते दुसऱ्या कुणाच्या मॉडेलवरून उतरवलेलं असतं. आपल्याकडची १९७१ ची मिग-२१ पाहा. चकचकीत धातूच्या विमानांवर युद्धाच्या तोंडावर घाईने छद्मरंग चढवले गेले, विमानागणिक वेगळे. तिथला असमानपणा पॅनलच्या चौकटी पाळत नाही.

चौथऱ्यावर उभ्या केलेल्या एका मिग-२१ समोर मी वीसेक पावलांवरून बराच वेळ थांबलो होतो. रिव्हेटने जोडलेल्या पत्र्यांचे सांधे जवळजवळ नाहीसे झाले होते. स्पष्ट दिसत होती ती पंखाच्या फ्लॅपची फट, चाकांच्या दारांच्या कडा आणि दुरुस्तीसाठी उघडायच्या झाकणांच्या चौकटी, म्हणजे हलणारे आणि उघडणारे भाग. घरी येऊन १/४८ च्या मॉडेलच्या पंखावरचा काळा वॉश पुसून काढला. या उघडणाऱ्या जागांपुरताच तो पुन्हा भरला आणि बाकीच्या खाचांत मूळ रंगापेक्षा एकच छटा गडद करडा सोडला.