शब्द पाठ झाला, हे ठरवायचे कोणी आणि केव्हा?

भाषा शिकणाऱ्याला स्वायत्तता द्यावी असे म्हटले, की शिक्षकाने बाजूला व्हावे आणि विद्यार्थ्याने ॲप उघडून आपापले शिकावे, असा अर्थ सर्रास काढला जातो. ही कल्पना भाषाशिक्षणात रुजवणारे आंरी होलेक यांनी १९८१ मध्ये युरोप परिषदेसाठी केलेल्या मांडणीत मात्र स्वायत्तता ही उपजत नसलेली, कमवावी लागणारी क्षमता मानली आहे. उद्दिष्ट ठरवणे, साहित्य व पद्धत निवडणे, प्रगतीवर लक्ष ठेवणे आणि आपल्याला काय आले याचे मूल्यमापन करणे, ही सारी कामे तीत येतात. यांपैकी मूल्यमापन सर्वांत अवघड, कारण आपल्याला काय येते याबाबत आपला अंदाज हमखास चुकतो.

जेफ्री कार्पिके आणि हेन्री रोडिगर यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना स्वाहिली शब्दांच्या ४० जोड्या इंग्रजी अर्थांसह शिकवल्या. एकदा बरोबर आलेले शब्दही काहींना पुन्हा पुन्हा आठवून सांगावे लागले, तर काहींच्या बाबतीत ते चाचणीतून वगळले गेले. आठवड्यानंतर पहिल्यांना सुमारे ८० टक्के, तर दुसऱ्यांना जेमतेम एक तृतीयांश शब्द आठवले. गंमत अशी, की आपल्याला किती आठवेल याचा अंदाज सर्वच गटांनी साधारण निम्मा असा सांगितला होता.

असे का होते? शब्द व अर्थ नुकताच वाचलेला असतो, तेव्हा तो अल्पकालीन स्मृतीत अजून रेंगाळत असतो. त्या क्षणी ‘हे मला येते का?’ असे स्वतःला विचारले, की उत्तर सहज समोर येते आणि ही सहजताच आपण ज्ञान समजतो. थॉमस नेल्सन आणि जॉन डनलॉस्की यांनी १९९१ मध्ये दाखवले, की हाच प्रश्न थोड्या वेळाने विचारला, तर अंदाज कितीतरी अचूक येतो. मध्ये इतर शब्द येऊन गेल्याने अल्पकालीन स्मृतीतील ठसा पुसलेला असतो आणि उत्तर दीर्घकालीन स्मृतीतूनच शोधावे लागते. परीक्षेच्या किंवा संभाषणाच्या वेळीही नेमके तेच करावे लागणार असते. मात्र शब्दासोबत त्याचा अर्थही डोळ्यांसमोर असेल, तर उशिराने विचारूनही हा लाभ मिळत नाही, कारण तेव्हा शोध घडतच नाही.

म्हणूनच आत्मपरीक्षणाची वही तास संपताक्षणी भरून घेण्यात फारसा अर्थ नाही. ‘आजचा उतारा समजला’ ही नोंद निरुपयोगी आहे. ‘दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून उतारा सांगितला, भूतकाळाची तीन रूपे अडली’ या नोंदीतून पुढचा अभ्यास ठरतो. याउलट ‘मी डोळ्यांनी शिकणारा, तू कानांनी शिकणारा’ असली वर्गीकरणे आत्मपरीक्षणाच्या नावाखाली खपवली जातात. त्यांनुसार शिकवल्यास जास्त येते याला पुरेसा पुरावा नसल्याचे २००८ च्या एका चिकित्सक आढाव्यात दिसून आले आहे, तरी ही समजूत ज्योतिषातील राशींसारखी टिकून आहे.

उशिराने स्वतःला तपासण्याच्या या पद्धतीला मर्यादाही आहे. विस्मरण विद्यार्थ्याचे त्यालाच उमगते, परंतु जो ध्वनिभेद कानाला जाणवतच नाही, किंवा जी वाक्यरचना चुकीची असूनही बरोबर वाटते, ती कितीही उशिराने तपासली तरी सापडत नाही; तेथे शिक्षकानेच बोट ठेवावे लागते.