लेबर रूमच्या दारातला स्वॅब

मार्च २०२० मध्ये न्यूयॉर्क शहरात कोविडची पहिली लाट चढत होती. रुग्णालयांनी थांबवता येतील त्या सगळ्या शस्त्रक्रिया थांबवल्या होत्या. बाळंतपण मात्र कोणाच्या सांगण्यावरून थांबत नाही. मॅनहॅटनच्या उत्तर टोकाला कोलंबिया विद्यापीठाशी जोडलेली दोन रुग्णालये आहेत, ॲलन हॉस्पिटल आणि कोलंबियाचे वैद्यकीय केंद्र. तिथे कळा घेऊन येणाऱ्या बायका रोज येतच होत्या.

सुरुवातीला त्या डॉक्टरांची पद्धत जगात सगळीकडे होती तीच होती: ताप, खोकला किंवा धाप असेल तरच तपासणी. मग दोन स्त्रिया कोणतेही लक्षण नसताना दाखल झाल्या, बाळंतपणाच्या काळातच दोघींचीही तब्येत बिघडली आणि दोघींना अतिदक्षता विभागात न्यावे लागले. संसर्गाचे निदान होईपर्यंत डॉक्टर, परिचारिका, भूलतज्ज्ञ असे बरेच जण पुरेशा संरक्षणाविना त्यांच्याजवळ वावरून गेले होते. त्यानंतर निर्णय झाला की २२ मार्चपासून बाळंतपणासाठी येणाऱ्या प्रत्येकीचा नाकातला स्वॅब घ्यायचा, लक्षणे असोत वा नसोत.

४ एप्रिलपर्यंतच्या दोन आठवड्यांत तिथे २१५ स्त्रिया बाळंत झाल्या. दाखल होताना ताप किंवा इतर लक्षणे होती फक्त चौघींना, आणि त्या चौघीही पॉझिटिव्ह निघाल्या. राहिलेल्या २११ पैकी २१० जणींची तपासणी झाली. वरवर ठणठणीत दिसणाऱ्या या स्त्रियांपैकी २९ जणी पॉझिटिव्ह होत्या. म्हणजे एकूण ३३ बाधित, आणि त्यातल्या २९ जणींना दारात काहीही होत नव्हते. नुसते ‘ताप आहे का, खोकला आहे का’ असे विचारून आत घेतले असते तर दर आठ बाधितांपैकी सात जणी नजरेतून सुटल्या असत्या. ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये ही माहिती छोट्याशा पत्राच्या रूपात आली आणि जगभरातल्या प्रसूती विभागांना आपले नियम पुन्हा तपासावे लागले.

त्या पत्रातल्या दोन बारीक नोंदी मला मुख्य आकड्याइतक्याच मोलाच्या वाटतात. पहिली अशी की लक्षणे नसलेल्या २९ बाधित स्त्रियांपैकी तिघींना घरी जाण्याआधी ताप आला. बाळंतिणीला ताप आला की डॉक्टरांच्या मनात आधी गर्भाशयातल्या जंतुसंसर्गाची शंका येते, आणि इथेही दोघींना तसे समजूनच प्रतिजैविके दिली गेली. तापाची कारणे अनेक असू शकतात. अशा वेळी स्वॅबचा रिपोर्ट हाताशी असला तर डॉक्टर दोन्ही शक्यता समोर ठेवून विचार करू शकतात. दुसरी नोंद एका निगेटिव्ह आलेल्या स्त्रीची. तिला बाळंतपणानंतर लक्षणे दिसू लागली आणि पहिल्या तपासणीनंतर तीन दिवसांनी केलेली तपासणी पॉझिटिव्ह आली. संसर्ग अगदी ताजा असेल तर नाकात विषाणूचे प्रमाण इतके कमी असते की आरटी-पीसीआरलाही तो सापडत नाही. त्यामुळे निगेटिव्ह रिपोर्ट हातात पडला म्हणून मास्क उतरवणे त्या काळात धोक्याचेच होते.

लेबर रूममध्येच एवढी काळजी का, असे कोणी विचारेल. बाकीच्या विभागांत रुग्णाजवळ काही मिनिटे थांबून पुढे जाता येते. इथे परिचारिका आणि डॉक्टर तासन्‌तास हाताच्या अंतरावर असतात. जोर करणारी स्त्री खोल आणि वेगाने श्वास घेते, ओरडते, तिला मास्क नकोसा होतो. नैसर्गिक बाळंतपण चालू असताना बाळाचे ठोके मंदावले तर काही मिनिटांत सिझेरियन करावे लागते, आणि पूर्ण भूल द्यावी लागली तर श्वासनलिकेत नळी घालणारा भूलतज्ज्ञ थेट तिच्या श्वासाच्या झोतात असतो. एन-९५ मास्कचा तुटवडा असताना ते कोणाच्या बाळंतपणात वापरायचे, हे ठरवायलाही रिपोर्टचा आधार मिळत होता.

म्हणजे ही तपासणी आधी कर्मचाऱ्यांसाठी आणि शेजारच्या खाटांवरच्या स्त्रियांसाठी होती, हे सरळ मान्य करावे. त्यात काही गैर नाही. पण पॉझिटिव्ह आलेल्या स्त्रीच्या पदरात काय पडले, हा प्रश्न उरतोच, आणि माझ्या मते अशा कोणत्याही सरसकट तपासणीची खरी परीक्षा त्याच प्रश्नावर होते. रिपोर्ट माहीत असल्यामुळे तिच्या रक्तातल्या ऑक्सिजनवर लक्ष राहिले, बिघाड लवकर कळला, तर तिचा फायदा झाला. तिच्या कुशीतले बाळ काढून नेले, तर नुकसान झाले.

हे नुकसान काही काळ खरोखर झाले. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने बाधित आई आणि बाळाला तात्पुरते वेगळे ठेवण्याचा सल्ला दिला होता. जागतिक आरोग्य संघटना मात्र पहिल्यापासून आईने मास्क लावून बाळाला जवळ घ्यावे आणि अंगावर पाजावे, असे सांगत होती. मग पुरावा आला, तोही न्यूयॉर्कमधूनच. कोलंबियाशी जोडलेल्या रुग्णालयांत १३ मार्च ते २४ एप्रिल या काळात बाधित आईच्या पोटी जन्मलेल्या १०१ बाळांचा अभ्यास झाला. बहुतेक बाळे आईच्याच खोलीत होती आणि आईचे दूध पीत होती. आईकडून संसर्ग होऊन आजारी पडल्याचे एकाही बाळात दिसले नाही. जुलैमध्ये अमेरिकेतला तो सल्लाही बदलला होता.

लेबर रूमच्या दारातले हे आकडे शहराबद्दलही बरेच सांगत होते. बाळंतपणाला येणारी स्त्री आजारी पडली म्हणून येत नाही. ती प्रत्येक वस्तीतून आणि प्रत्येक उत्पन्नगटातून येते, त्यामुळे तिच्या रिपोर्टवरून समाजात लपलेला संसर्ग किती, याचा अंदाज बांधता येतो. भारतात हे तत्त्व जुने आहे. एचआयव्हीचा प्रसार मोजण्यासाठी गरोदर मातांच्या तपासणी केंद्रांतले रक्तनमुने नाव न ठेवता तपासण्याची पद्धत आपल्याकडे देशपातळीवर १९९८ पासून आहे. न्यूयॉर्कच्या डॉक्टरांनी २१ एप्रिलपर्यंतच्या ३९६ स्त्रियांचे पत्ते नकाशावर मांडले. त्यातल्या ७१ बाधित होत्या. ज्या भागांत एका घरात जास्त माणसे राहतात, खोल्या कमी आहेत आणि बेरोजगारी जास्त आहे, तिथल्या स्त्रियांमध्ये संसर्ग जास्त होता. इमारतींची किंमत जास्त असलेल्या भागांत तो कमी होता. मुंबईच्या वाचकाला हे समजावून सांगावे लागणार नाही.

मुंबईत काय झाले? भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २० एप्रिल २०२० ला सांगितले की प्रतिबंधित क्षेत्रातली गरोदर स्त्री प्रसूतीसाठी आली असेल किंवा पुढच्या पाच दिवसांत बाळंत होणार असेल, तर लक्षणे नसली तरी तिची तपासणी करावी. सूचना योग्यच होती. पण रिपोर्ट यायला एक-दोन दिवस लागत, आणि कळा तेवढ्या थांबत नाहीत. कागद नाही म्हणून दारातून परत पाठवलेल्या, या रुग्णालयातून त्या रुग्णालयात फिरणाऱ्या गरोदर स्त्रियांच्या बातम्या त्या महिन्यांत देशभरातून आल्या. काहींचा त्यात जीव गेला. आईला वाचवण्यासाठी सांगितलेली तपासणी तिलाच बाहेर ठेवायचे कारण झाली, याची मला आजही चीड येते. १८ मेच्या सुधारित सूचनेत आयसीएमआरला स्पष्ट लिहावे लागले की तपासणी झाली नाही म्हणून प्रसूतीसह कोणतीही तातडीची प्रक्रिया लांबवू नये. नमुना घ्या, पाठवा आणि बाळंतपण करा.

याच काळात मुंबई सेंट्रलच्या नायर रुग्णालयाने बाधित गरोदर स्त्रियांची जबाबदारी उचलली आणि परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेबरोबर ‘प्रेगकोविड’ ही नोंदवही सुरू झाली. या नोंदवहीवर आधारित एका अभ्यासात पहिल्या लाटेतल्या १,१४३ बाधित गरोदर स्त्रिया व बाळंतिणींपैकी १४.२ टक्के जणींनाच लक्षणे होती. न्यूयॉर्कचेच चित्र इथेही दिसले. दुसऱ्या लाटेतल्या ३८७ जणींत मात्र लक्षणे असलेल्यांचे प्रमाण २८.७ टक्क्यांवर गेले, आणि मृत्यूचे ०.७ वरून ५.७ टक्क्यांवर. तपासणी तीच होती, पण त्या पॉझिटिव्ह शब्दामागचा आजार बदलला होता. २ जुलै २०२१ ला केंद्र सरकारने गरोदर स्त्रियांच्या लसीकरणाला परवानगी दिली. ही परवानगी दुसऱ्या लाटेआधी मिळायला हवी होती.

लाट ओसरल्यावर हीच तपासणी कमी विश्वासार्ह होते, ती कशी, हे थोड्या हिशेबाने कळेल. समजा तपासणी १०० पैकी ८० बाधितांना ओळखते आणि १०० निरोगी व्यक्तींपैकी एकीला चुकून पॉझिटिव्ह ठरवते. १,००० स्त्रियांपैकी १५० खरोखर बाधित असतील तर १२० सापडतील आणि चुकीचे पॉझिटिव्ह साधारण नऊ असतील. आता १,००० पैकी बाधित फक्त पाच आहेत असे धरा. सापडतील चार, आणि चुकीचे पॉझिटिव्ह असतील दहा. हातातल्या १४ पॉझिटिव्ह रिपोर्टांपैकी दहा खोटे! शिवाय बऱ्या झालेल्या व्यक्तीच्या नाकात विषाणूचे निर्जीव तुकडे कित्येक आठवडे सापडू शकतात. त्यामुळे संसर्ग कमी असताना सरसकट तपासणी करत राहिले तर विनाकारण विलगीकरणात गेलेल्या बाळंतिणींची संख्या वाढत जाते.

याउलट, प्रसूतीच्या दारातल्या दोन जुन्या विषाणू तपासण्या आजही तितक्याच गरजेच्या आहेत. एचआयव्हीची आणि कावीळ ब ची, जिला आपल्या दवाखान्यांत अजूनही ‘ऑस्ट्रेलिया अँटिजेन’ म्हणतात. या खरे तर गरोदरपणाच्या पहिल्या महिन्यांतच व्हायला हव्यात. पण कुठेही नाव न नोंदवलेली, ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेली स्त्री थेट कळा घेऊनच येते, तेव्हा ती शेवटची संधी असते. एचआयव्हीवर काहीच उपचार झाले नाहीत तर बाळाला संसर्ग होण्याची शक्यता १५ ते ४५ टक्के असते. आईला आणि बाळाला वेळेवर औषधे मिळाली तर ती ५ टक्क्यांच्या खाली येते. कावीळ ब चा विषाणू जन्माच्या वेळी बाळात शिरला तर अशा दहापैकी नऊ बाळांत तो कायमचा मुक्काम करतो, आणि पुढे यकृताचा सिरॉसिस किंवा कर्करोग होऊ शकतो. लस सगळ्याच बाळांना जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायची असते. आई बाधित असेल तर त्याबरोबर तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शनही द्यायचे असते, शक्यतो १२ तासांच्या आत. रक्ताच्या थेंबावरची झटपट तपासणी अर्ध्या तासात निकाल देते. रात्री दोन वाजता आलेल्या अनोळखी बाईच्या बाबतीतही हे जमू शकते. त्यासाठी लेबर रूममध्ये किट हवे आणि फ्रिजमध्ये ती दोन इंजेक्शने हवीत.