आकाशातली चूक मोजणारे गोव्यातील केंद्र

आषाढात गोव्याच्या दाबोळी विमानतळावर उतरणाऱ्या विमानाच्या खिडकीतून बराच वेळ करड्या ढगापलीकडे काहीच दिसत नाही, आणि मग एकाएकी ढग सरून खाली खवळलेला समुद्र, ओली तांबडी माती आणि धावपट्टीचे दिवे एकदमच समोर येतात. ती धावपट्टी नेमकी कुठे आणि किती खाली आहे, हे वैमानिकाला ढग सरण्याआधीच ठाऊक असावे लागते.

ही माहिती देणारी जुनी, भरवशाची व्यवस्था म्हणजे धावपट्टीलगत बसवलेली आयएलएस ही रेडिओ यंत्रणा. मात्र ती ज्या टोकाकडून उतरायचे त्या प्रत्येक टोकाला स्वतंत्र बसवावी आणि सांभाळावी लागते, म्हणून लहान विमानतळांना तिचा खर्च पेलत नाही. जीपीएसचे संदेश सर्वत्र पोहोचतात, परंतु त्यांतील उंचीचा आकडा विमान उतरवण्याइतका विश्वासार्ह नसतो आणि तो चुकला तर वेळेवर सावध करणारेही कोणी नसते.

चुकीचे मोठे कारण आयनांबरात आहे. वातावरणाच्या या वरच्या, विद्युतभारित थरातून येताना उपग्रहाचा संदेश रेंगाळतो, आणि तो किती रेंगाळेल हे तिथल्या इलेक्ट्रॉनांच्या दाटीवर ठरते. पृथ्वीचे चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते. दिवसा तिथले इलेक्ट्रॉन वर उचलले जाऊन उत्तरेकडे आणि दक्षिणेकडे घसरतात. उत्तरेकडचा ढीग साधारणपणे अहमदाबाद-कोलकाता पट्ट्यावर साचतो. गोवा चुंबकीय विषुववृत्त आणि हा ढीग यांच्या मधोमध, म्हणजे दाटीच्या उतारावरच येतो. सूर्यास्तानंतर तर याच थरात विरळ पोकळ्या तयार होऊन वर चढतात आणि संदेश थरथरू लागतो. अमेरिका आणि युरोपवरचे आयनांबर त्या मानाने शांत असल्यामुळे तिथली गणिते इथे जशीच्या तशी लागू पडत नव्हती. हा प्रश्न आपला होता आणि तो आपल्यालाच सोडवावा लागणार होता.

त्यासाठी इस्रो आणि भारतीय विमानतळ प्राधिकरण यांनी २००१ मध्ये करार केला आणि जीपीएसची चूक दुरुस्त करून ती दुरुस्ती विमानांना पुरवणारा ‘गगन’ प्रकल्प उभा राहिला. त्यावर सुमारे ७७४ कोटी रुपये सार्वजनिक पैसा लागला. देशभर १५ संदर्भ केंद्रे बसवण्यात आली आणि त्यांपैकी एक गोव्यात आहे. केंद्राच्या अँटेनाची जागा अगदी काटेकोरपणे मोजलेली असते, त्यामुळे उपग्रहाने सांगितलेली जागा आणि खरी जागा यांतला फरक, म्हणजेच चूक, तिथल्या तिथे हाती येते. सगळ्या केंद्रांची मोजमापे बेंगळुरूला एकत्र होतात, तिथे दुरुस्ती काढली जाते आणि ती भूस्थिर उपग्रहामार्फत काही सेकंदांत विमानापर्यंत पोहोचते. उपग्रहावर विसंबणे धोक्याचे असेल तेव्हा तसा इशाराही याच वाटेने जातो, आणि माझ्या मते गगनचे खरे मोल या इशाऱ्यात आहे.

उंचीच्या मार्गदर्शनासाठी गगनला २१ एप्रिल २०१५ रोजी प्रमाणपत्र मिळाले. करारापासून जवळपास १४ वर्षे, आणि फळ काय, तर न घडलेले अपघात, ज्यांची मोजदाद कोणाच्याच ताळेबंदात होत नाही. अशा कामासाठी एखादी खासगी कंपनी इतकी वर्षे पैसे गुंतवून थांबली असती, असे मला वाटत नाही. खंत याची वाटते की संशोधनाला पैसा मिळाला, पण वापराला वेग आला नाही. २०१६ च्या नागरी विमान वाहतूक धोरणाने १ जानेवारी २०१९ पासून भारतात नोंदणी होणाऱ्या विमानांना गगनची साधने सक्तीची केली; ही मुदत पुढे ढकलली गेली, आणि देशातील एखाद्या विमान कंपनीचे विमान गगनच्या आधारे प्रथम उतरले ते एप्रिल २०२२ मध्ये, राजस्थानातील किशनगड येथे.

शिवाय यंत्रणा उभी राहिली म्हणून संशोधन संपत नाही. सूर्याच्या सक्रियतेला सुमारे ११ वर्षांचे चक्र असते आणि आयनांबर त्या चक्राबरोबर बदलते. गगनची घडण झाली त्या काळातला, म्हणजे २०१४ चा उच्चांक सौम्य होता, तर २०२४ च्या सुमाराचा त्याहून तीव्र निघाला. यापुढचा उच्चांक २०३५ च्या आसपास अपेक्षित आहे. त्या वेळचे आयनांबर ओळखण्यासाठी लागणारी मोजमापे गोव्यातील केंद्राला आजपासून, रोज, एकही पावसाळा न गाळता घेत राहावी लागतील, आणि त्या देखभालीची तरतूद दरवर्षीच्या अंदाजपत्रकात करावी लागेल.