तुमच्या बाजाराची नोंद खुली करण्यापूर्वी

ग्राहकांसाठी माहितीपत्रक : शेतकरी उत्पादक कंपन्या, बचत गट, डाळमिल आणि मेस चालवणाऱ्यांसाठी

मोंढ्यातल्या भुसार मालाचे दर कृषी पणन मंडळ आणि अ‍ॅगमार्कनेट (केंद्र सरकारचं बाजारभावाचं संकेतस्थळ) यांच्याकडे रोज मिळतात. आठवडी बाजारात मेथीची जुडी कितीला गेली, गावच्या डाळमिलीने कुठली तूर भरडली, वसतिगृहाच्या मेसला महिन्याला किती ज्वारी लागते, हे मात्र तिथे सापडत नाही. ते तुमच्या वहीत असतं. त्याची फाइल तुम्ही पाठवलीत की आम्ही ती तपासतो आणि कुणालाही वापरता येईल अशी खुली करतो. वहीतला आकडा असा दुसऱ्याच्या उपयोगी पडावा म्हणून काय करायचं, ते इथे दिलं आहे.

माप आधी, भाव नंतर

आमच्याकडे येणाऱ्या फायलींत सगळ्यात जास्त घोळ मापाचा असतो. पायली हे आकारमानाचं माप आहे. ज्वारीची पायली आणि सोयाबीनची पायली तराजूवर सारखी भरत नाही. कट्टा कुठे ५० किलोचा, कुठे ६० किलोचा. टोमॅटोचं कॅरेट भरणाऱ्यावर अवलंबून. म्हणून दोन रकाने ठेवा : एकात बाजारात बोललेलं माप, दुसऱ्यात किलो. मूळ माप खोडू नका, नंतर पडताळायला तेच लागतं.

वाट्याने विकली जाणारी भाजी अशी नोंदवा. एकाच विक्रेत्याकडचे तीन वाटे तोला. समजा २१०, १८० आणि २४० ग्रॅम भरले, तर सरासरी २१० ग्रॅम. वाटा १० रुपयांना असेल तर किलोचा भाव ४७.६२ रुपये. एकच वाटा तोलून भाव काढू नका. वरचा वाटा नेहमी भरदार असतो. वेळही लिहा, कारण दिवेलागणीला उरलेली भाजी सकाळच्या निम्म्या भावातही जाते.

भुसार मालात भावाचा टप्पा सांगा : सौद्यातला दर, शेतकऱ्याच्या पट्टीवरची (विक्रीच्या हिशेबाच्या पावतीवरची) निव्वळ रक्कम, की किरकोळ दुकानातला दर? सौद्यात ५,००० रुपये क्विंटल ठरले आणि क्विंटलमागे एक किलो कडता (वजनातली कपात) धरला, तर पैसे ९९ किलोचेच, म्हणजे ४,९५० रुपये. हमाली-तोलाई त्यातून आणखी जाते. दोन गावांचे टप्पे वेगळे असतील तर त्यांची तुलना खोटी ठरते. सोयाबीनला ओलाव्याचा रकाना हवाच. हमीभावाच्या खरेदीत १२ टक्के ओलाव्याचा निकष आहे. १८ टक्के ओलाव्याच्या मालाचा पडेल भाव त्याच यादीत बसवला, तर बाजार कोसळल्यासारखं दिसतं.

आणि हो, बाजारभावाच्या यादीतला ‘सर्वसाधारण दर’ म्हणजे किमान-कमालची सरासरी नव्हे. ज्या भावाने जास्तीत जास्त माल गेला, तो.

रिकामा रकाना आणि शून्य

आवक झालीच नाही तर ० लिहा. नोंद घ्यायची राहिली तर रकाना कोरा सोडा. अमावास्येला किंवा सणाला मोंढा बंद असेल तर शेऱ्यात ‘बंद’ असं लिहा. हे तिन्ही एकच समजून भरलेल्या फायलीतून वर्षाची सरासरी काढता येत नाही.

गावाचं नाव पुरत नाही

वडगाव, पिंपळगाव, बोरगाव एकेका जिल्ह्यातच अनेक सापडतात. नावासोबत तालुका, जिल्हा आणि केंद्र सरकारच्या स्थानिक शासन निर्देशिकेतला गावाचा कोड द्या. औरंगाबाद आणि उस्मानाबाद जिल्ह्यांची नावं २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर आणि धाराशिव झाली, त्यामुळे जुन्या-नव्या फायली नावावरून जोडायला गेलं की निम्म्या ओळी गळतात. कोडवरून जोडा.

फाइल

तारीख वर्ष-महिना-दिवस अशी लिहा, नाहीतर ३ जुलैची ७ मार्च होते. आकडे इंग्रजी अंकात भरा. देवनागरी अंक बऱ्याचदा मजकूर म्हणून धरले जातात आणि बेरीज शून्य येते. जतन करताना फाइलचा प्रकार ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ (CSV UTF-8) निवडा. साध्या सीएसव्हीत मराठी अक्षरांची प्रश्नचिन्हं होतात आणि ती परत येत नाहीत.

काय उघड करायचं नाही

शेतकऱ्याचं नाव, फोन, आधार, जमिनीचा गट नंबर आणि बँकेचा तपशील खुल्या फायलीत जात नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याचा विचार करूनच माहिती घ्या. पण नाव काढलं म्हणजे काम झालं, असंही नाही. गावात हळद लावणारा एकच असेल तर ‘गाव, हळद, ४० क्विंटल’ एवढ्यावरूनच माणूस ओळखू येतो. पाचपेक्षा कमी विक्रेते असतील तर आम्ही आकडा तालुक्यावर नेतो. बाजाराचं ठिकाण अक्षांश-रेखांशाच्या चार दशांश स्थळांपर्यंत चालेल, ते साधारण ११ मीटरपर्यंत नेमकं असतं. शेताचं ठिकाण दोनच स्थळांपर्यंत द्या, म्हणजे नेमकेपणा साधारण एक किलोमीटरवर येतो.

परवाना

परवाना म्हणजे फाइल इतरांनी कशी वापरावी याची लेखी मुभा. परवाना न लिहिलेली फाइल खुली नसते, फक्त दिसते. बहुतेकांना आम्ही क्रिएटिव्ह कॉमन्स बाय ४.० (CC BY 4.0) हा परवाना सुचवतो : कुणीही वापरावं, नाव तेवढं द्यावं. सरकारी दर तुमच्या फायलीत घेतले असतील तर त्या ओळींपुढे मूळ स्रोत आणि उतरवून घेतल्याची तारीख लिहा. आवकेचं एककही तपासा. टन आणि क्विंटल मिसळले की दहापट फरक पडतो.

पहिल्या खेपेला एकच बाजार, पाचच जिन्नस, चार आठवडे एवढं पाठवा. वहीच्या त्याच पानांचे फोटो सोबत असू द्या. चुकलेल्या ओळींवर खूण करून फाइल तुमच्याकडे परत येईल. ती दुरुस्त झाल्यावरच खुली होईल.