गुणांची सरासरी आणि अदलाबदलीचा भाव

2025च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीस एनबीए या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधील डॅलस मॅव्हरिक्स संघाने लुका डॉन्चिचला लॉस एंजेलिस लेकर्सकडे धाडले आणि मोबदल्यात अँथनी डेव्हिस, तरुण मॅक्स क्रिस्टी आणि 2029च्या ड्राफ्टमधील (नवे खेळाडू निवडण्याची वार्षिक प्रक्रिया, जिच्यात तळाच्या संघांना सहसा आधी निवड मिळते) पहिल्या फेरीची एक निवड एवढेच पदरात पाडून घेतले. आदल्या हंगामात सामन्यागणिक 33.9 गुणांच्या सरासरीने एनबीएमध्ये अव्वल ठरलेला आणि संघाला अंतिम फेरीपर्यंत नेणारा हा खेळाडू त्या वेळी अवघा 25 वर्षांचा होता. याच्या काही महिने आधी न्यूयॉर्क निक्सने मिकल ब्रिजेससाठी पहिल्या फेरीच्या पाच निवडी मोजल्या होत्या, आणि ब्रिजेस तर कधी ऑल-स्टार, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंच्या, संघातही आलेला नव्हता. भरपूर गुण करणाऱ्या खेळाडूचा भाव नेमका ठरतो कशावर, हा प्रश्न त्यामुळे पुन्हा ऐरणीवर आला. मात्र तो या लीगमध्ये किमान साठ वर्षांपासून चर्चिला जात आहे.

सुरुवातीच्या काळात भाव ठरवायला हाताशी फारसे काही नव्हते. गुणपत्रकात गुण, बास्केटवरच्या फेकी, फ्री थ्रो (फाउलबद्दल मिळणारी मोकळी फेक), रिबाउंड (हुकलेल्या फेकीनंतर मिळवलेला चेंडू), असिस्ट (सहकाऱ्याला गुण करता येईल असा दिलेला चेंडू) आणि फाउल यांची नोंद असे. चोरलेले आणि अडवलेले चेंडू एनबीएने 1973-74पासून मोजायला घेतले, तर चेंडू गमावण्याची वैयक्तिक नोंद 1977-78पर्यंत होतच नव्हती. म्हणजे एखाद्याने 30 गुण केले हे सगळ्यांना दिसे, परंतु त्यासाठी त्याने संघाच्या गुण करण्याच्या किती संधी खर्ची घातल्या, याचा पुरता हिशेब कोणाकडेच नसे. मालक आणि प्रशिक्षक तो अंदाजाने करीत, आणि अंदाजात रागलोभ मिसळलेला असे.

विल्ट चेंबरलेनचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. 1961-62मध्ये त्याची सरासरी 50.4 होती आणि 2 मार्च 1962 रोजी हर्शी येथे त्याने एकाच सामन्यात 100 गुण केले. तरीही 1965च्या जानेवारीत, त्याची सरासरी 38.9 असताना, सॅन फ्रान्सिस्को वॉरियर्सने त्याला फिलाडेल्फियाकडे दिले ते कॉनी डिअर्किंग, पॉल न्यूमन, ली शॅफर आणि दीड लाख डॉलर रोख एवढ्यावर. त्यांपैकी शॅफर तर नव्या संघात रुजूच झाला नाही. वॉरियर्स त्या हंगामात 17 सामने जिंकून 63 हरले. चेंबरलेनचा पगार मोठा होता आणि मैदान भरत नव्हते. एवढे गुण होऊनही संघ हरतो, तर त्या गुणांचा उपयोग काय, असा विचार मालकांनी केला, आणि तो सर्वस्वी चुकीचा म्हणता येणार नाही. चूक भावात झाली. 1966-67मध्ये प्रशिक्षक ॲलेक्स हॅनम यांच्या हाताखाली चेंबरलेनने फेकी कमी करून सहकाऱ्यांना चेंडू देण्यावर भर दिला, सरासरी 24.1वर आली, असिस्ट 7.8वर गेले आणि फिलाडेल्फियाने विजेतेपद मिळवले. गुण हे त्याच्या अंगच्या क्षमतेचे एक रूप होते, दुसरे रूप विकत घेणाऱ्याला मिळाले.

सत्तरच्या दशकातील बॉब मॅकॲडूचा प्रवास याहून गमतीचा आहे. 1974 ते 1976 अशी सलग तीन वर्षे तो गुणांत पहिला होता. 1976च्या डिसेंबरात बफेलो ब्रेव्ह्जने त्याला टॉम मॅकमिलनसह न्यूयॉर्कला दिले आणि जॉन जियानेली व रोख रक्कम घेतली. नवा करार जुळत नव्हता आणि मालकाला पैसा हवा होता, हे त्यामागचे कारण. 1979मध्ये बॉस्टन सेल्टिक्सचे मालक जॉन वाय. ब्राउन यांनी संघाचा कारभार पाहणारे रेड ऑरबॅक यांना न विचारता पहिल्या फेरीच्या तीन निवडी देऊन मॅकॲडूला आणले. ऑरबॅक संतापले. मात्र त्याच वर्षी एम. एल. कार या खेळाडूला डेट्रॉइटकडून घेताना जुन्या संघाला द्यायच्या भरपाईचा प्रश्न आला, तेव्हा त्यांनी मॅकॲडूला तिकडे रवाना करून डेट्रॉइटच्या 1980मधील पहिल्या फेरीच्या दोन निवडी मिळवल्या. त्यांतली एक चक्क पहिल्या क्रमांकाची निघाली. ऑरबॅक यांनी दोन्ही निवडी गोल्डन स्टेटला देऊन रॉबर्ट पॅरिश आणि तिसऱ्या क्रमांकाची निवड घेतली, आणि त्या निवडीतून केव्हिन मॅकहेल आला. 1981, 1984 आणि 1986 या तीन विजेतेपदांचे मूळ अशा रीतीने एका नकोशा झालेल्या गुणवीराच्या विक्रीत सापडते. डेट्रॉइटने नाव आणि सरासरी पाहिली, आपला संघ पुढच्या वर्षी तळाला जाऊ शकतो ही शक्यता मात्र पाहिली नाही. मॅकॲडू पुढे लेकर्ससाठी राखीव खेळाडू म्हणून बाकावरून येऊन 1982 आणि 1985चा विजेता ठरला, हेही येथे नोंदवायला हवे. त्याला नाकर्ता ठरवणाऱ्यांनी ते सहसा नोंदवलेले नसते.

आता गुण आणि त्यासाठी खर्ची पडलेल्या संधी यांचे प्रमाण पाहणे हा सोपा उपाय वाटतो. खेळाडूचे एकूण गुण घ्यावेत, त्याने टाकलेल्या फेकींत फ्री थ्रोंच्या 0.44 पट मिळवाव्यात, येणाऱ्या बेरजेची दुप्पट करून तिने गुणांना भागावे; आज सर्रास वापरले जाणारे हे माप आहे. 1983-84मध्ये युटाचा एड्रियन डँटली 30.6च्या सरासरीने पहिला आला. त्याने 79 सामन्यांत 2418 गुण केले, ते सुमारे 1440 फेकी आणि 946 फ्री थ्रो घेऊन. म्हणजे प्रमाण 65 टक्के. 2001-02मध्ये फिलाडेल्फियाचा ॲलन आयव्हरसन 31.4च्या सरासरीने पहिला आला, पण त्याचे प्रमाण 49 टक्क्यांच्या आसपास होते. जवळपास तेवढ्याच गुणांसाठी आयव्हरसनला कितीतरी अधिक संधी लागल्या.

तरीदेखील बाजाराने डँटलीला डोक्यावर घेतले नाही. 1986मध्ये युटाने त्याला डेट्रॉइटला देऊन केली ट्रिपुका आणि केंट बेन्सन घेतले, आणि 1989च्या फेब्रुवारीत डेट्रॉइटने त्याला डॅलसला देऊन मार्क अग्वायरला आणले, वर पहिल्या फेरीची एक निवडही दिली. डँटली चेंडू हातात धरून बचावपटूला चकवत राहतो, तोवर बाकीचे चौघे उभे असतात, ही तक्रार जुनी होती. अग्वायरने कमी फेकींवर समाधान मानले, डेनिस रॉडमनला अधिक मिनिटे मिळाली आणि डेट्रॉइटने त्याच वर्षी व पुढच्या वर्षी विजेतेपद जिंकले. यावरून डँटली वाईट खेळाडू होता असे ठरत नाही; आयझाया थॉमस आणि जो ड्युमार्स असलेल्या संघाला तिसऱ्या गुणवीरापेक्षा जागा सोडणारा माणूस हवा होता, इतकेच. प्रमाणाचे माप कितीही नेमके असले, तरी ते घेणाऱ्या संघाची गरज सांगत नाही.

दरम्यान 1984-85मध्ये प्रत्येक संघाच्या एकूण पगारांवर 36 लाख डॉलरची वेतनमर्यादा लागू झाली आणि भावाचे गणित बदलले. मर्यादेवर असलेल्या संघांना पगाराशी पगार जुळवून सौदे करावे लागू लागले, आणि संपत आलेला करार ही स्वतंत्र मालमत्ता झाली. 2008च्या नोव्हेंबरात डेट्रॉइटने डेन्व्हरकडून आयव्हरसनला घेतले आणि चॉन्सी बिलप्स दिला, त्यामागे हेच होते: आयव्हरसनचा दोन कोटी डॉलरहून मोठा करार हंगामाअखेर संपणार होता. डेट्रॉइट 59 विजयांवरून 39वर घसरले आणि मोकळी झालेली रक्कम पुढच्या उन्हाळ्यात बेन गॉर्डन आणि चार्ली व्हियानुएव्हा यांच्यावर खर्च झाली. बिलप्समुळे डेन्व्हर मात्र विभागीय अंतिम फेरीत पोहोचले.

याच सुमारास डीन ऑलिव्हर आणि जॉन हॉलिंजर यांच्यासारख्या विश्लेषकांनी दर संधीमागील गुणांचा हिशेब मांडला होता, आणि 2007पासून ह्यूस्टनचा कारभार पाहणारे डॅरिल मोरी त्याच हिशेबाने चालत होते. 2012च्या ऑक्टोबरात त्यांनी ओक्लाहोमा सिटीकडून जेम्स हार्डन घेतला, तेव्हा तो बाकावरून येऊन 16.8 गुण करीत असे. कमी फेकींत, भरपूर फ्री थ्रो मिळवून आलेले ते गुण पाहून त्याला चेंडू अधिक वेळ दिला तर काय होईल, याचा अंदाज मोरींनी बांधला. पहिल्याच हंगामात सरासरी 25.9वर गेली.

प्रेक्षक मात्र अजून गुणांच्याच बाजूने होते. 2012च्या मार्चमध्ये गोल्डन स्टेटने आपला सर्वाधिक गुण करणारा मोंटा एलिस मिलवॉकीला दिला आणि घोटा मोडलेला अँड्र्यू बोगट घेतला. काही दिवसांनी संघाचा माजी खेळाडू ख्रिस मुलिन याच्या सत्कारासाठी मैदानात उतरलेले मालक जो लेकब बोलायला उभे राहिले, तर लोकांनी इतकी हुर्यो उडवली की मुलिनला आणि आणखी एक माजी खेळाडू रिक बॅरीला ध्वनिवर्धक घेऊन त्यांना आवरावे लागले. एलिस गेल्याने स्टीफन करीच्या हाती चेंडू आला. बोगटने बचाव सांभाळला आणि 2015मध्ये विजेतेपद आले. करीचे घोटेही तेव्हा वारंवार दुखावत असल्यामुळे हा सौदा लेकब यांच्यावर उलटू शकला असता, हे विसरता येत नाही.

लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातील 2023च्या करारातील कडक वेतनमर्यादांनंतर वय आणि कराराची उरलेली वर्षे यांना गुणांइतकेच वजन आले आहे. त्या कराराच्या आधी, 2023च्या फेब्रुवारीत, फिनिक्स सन्सने 34 वर्षांच्या केव्हिन ड्युरँटसाठी मिकल ब्रिजेस, कॅम जॉन्सन आणि पहिल्या फेरीच्या चार निवडी दिल्या. त्या वेळी त्याची सरासरी 29.7 होती आणि त्याच्या करारात आणखी तीन हंगाम पूर्ण बाकी होते. 2025च्या उन्हाळ्यात फिनिक्सने त्यालाच ह्यूस्टनला विकले, तेव्हा सरासरी 26.6 होती, फेकींची अचूकताही फारशी ढळली नव्हती. परंतु वय 36 होते, करार एका वर्षाचा उरला होता आणि वेतनाच्या वरच्या मर्यादेपलीकडे गेलेल्या फिनिक्सला सौद्यात हातपाय हलवायला जागा नव्हती. त्यांना जेलन ग्रीन, डिलन ब्रुक्स, दहाव्या क्रमांकाची निवड आणि दुसऱ्या फेरीच्या पाच निवडी मिळाल्या. त्यानंतर ऑक्टोबरात ड्युरँटने ह्यूस्टनशी दोन वर्षांचा वाढीव करार केला, तो नियमाने मिळू शकणाऱ्या कमाल रकमेपेक्षा कमी रकमेचा.