ऊसशेतातल्या सेन्सरसाठी वायरलेस मॉड्यूल: ईटीएचा अर्ज अडतो कुठे

कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव भागात जमिनीचा ओलावा मोजणारी बॅटरीवरची उपकरणं करणारी बरीच मुलं आहेत. मॉड्यूल घेताना ती स्लीप करंट (काम नसताना मॉड्यूल किती वीज खातं ते) बघतात, रेंज बघतात, दर बघतात. कागद मात्र माल हातात आल्यावर आठवतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

परवाना न घेता वापरता येणाऱ्या बँडमधल्या उपकरणालाही दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए, म्हणजे उपकरणाची प्रकार-मंजुरी लागते. 'परवाना नको' म्हणजे 'काहीच नको' असं धरून चालणाऱ्यांचे पार्सल कस्टममध्ये अडकतात.

अर्ज सरल संचार पोर्टलवर, स्वयंघोषणेने. नोंदणी करायची, कंपनीची कागदपत्रं, सही करणाऱ्याचं अधिकारपत्र आणि डेटाशीट जोडायची, शुल्क भरायचं. इथं फारसं कुणी अडत नाही. फक्त फर्मचं नाव सगळीकडे अक्षरशः सारखं ठेवा.

अडतं ते आरएफ टेस्ट रिपोर्टपाशी, म्हणजे रेडिओ लहरींच्या चाचणीच्या अहवालापाशी. विक्रेता सीईचं (युरोपच्या बाजारासाठीचं) एक पानी प्रमाणपत्र पाठवतो आणि आपण तेच चढवतो. प्रमाणपत्र म्हणजे रिपोर्ट नव्हे. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा पूर्ण रिपोर्ट हवा, त्यात फ्रिक्वेन्सी, पॉवर आणि बँडविड्थ मोजलेली दिसली पाहिजे. मॉडेल नंबरही तोच हवा. डेटाशीटवर शेवटी एक अक्षर जास्त असलं तरी शंका निघते, आणि त्यात अर्जदाराचे दिवस जातात याचं कुणाला काही वाटत नाही.

दुसरी चूक बँडची. लोरासाठी, म्हणजे कमी विजेत लांबवर डेटा पाठवणाऱ्या रेडिओ तंत्रासाठी, भारतात २००५ पासून ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ मोकळा होता, २०२१ च्या नियमांनी तो ८६८ पर्यंत गेला. मर्यादा १ वॅट ट्रान्समीटर पॉवर, ४ वॅट ईआरपी (अँटेनाचा परिणाम धरून बाहेर पडणारी पॉवर) आणि २०० किलोहर्ट्झ बँडविड्थ. '८६८' वाचून युरोपचं मॉड्यूल आहे तसं वापरू नका. युरोपचे मूळ चॅनेल ८६८.१, ८६८.३ आणि ८६८.५ आहेत, तिन्ही हद्दीबाहेर. भारताचे मूळ चॅनेल ८६५.०६२५, ८६५.४०२५ आणि ८६५.९८५. अमेरिकेच्या ९१५ च्या मॉड्यूलचं तर विचारूच नका.

"पण चिप ८६५ ला लागते की," असं हमखास ऐकायला मिळतं. लागते, खरं आहे. एसएक्स१२७६ ही चिप १३७ पासून १०२० मेगाहर्ट्झपर्यंत जाते. पण मॉड्यूलवरचं अँटेनाचं मॅचिंग एका बँडसाठी बसवलेलं असतं, आणि रिपोर्टही त्याच बँडचा असतो. ९१५ चं मॉड्यूल ८६५ वर चालवलं तर पॉवर वाया जाते, बॅटरी लवकर उतरते, आणि अर्जाला जोडायला कागद नसतो तो नसतोच.

म्हणून पैसे पाठवण्याआधी विक्रेत्याकडून दोनच गोष्टी मागून घ्या: ८६५ चा पूर्ण रिपोर्ट आणि मॉड्यूलवरच्या लेबलचा फोटो. ईटीए आधीच घेतलेली आहे असं तो म्हणाला, तर प्रमाणपत्रावरचा मॉडेल नंबर त्या फोटोशी स्वतः ताडून बघा.